गोधडीचे थर आणि म्युझियमची कपाटं

आमच्या आजीची एक गोधडी गेल्या उन्हाळ्यात कडेने सुटली. धावदोऱ्याचं सूत झिजलं होतं. हातभर शिवण निघाली आणि आतलं कापड दिसायला लागलं. वर निळसर लुगडं, ते घरात सगळ्यांच्या ओळखीचं. त्याखाली आजोबांचं धोतर. त्याखाली लाल छापील कापड, पण त्यावरच्या काळ्या रेघा गायब. रेघांच्या जागी भोकं होती, कुणीतरी बारीक कात्रीने नक्षी कापून काढावी तशी. मग एक जांभळं लुगडं, आणि तळाला मांजरपाट, त्यावर गिरणीचा अर्धा पुसलेला निळा शिक्का. सगळे थर सुटे करून धुवायला टाकायचे, असं माझ्या मनात होतं. फुई, म्हणजे माझी आत्या, शेजारी शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "आधी देखी ले, कोनं काय शे ते."

कोणाचं काय आहे ते आधी बघून घे. वस्त्रांच्या म्युझियममध्ये कुठलंही कापड आलं की पहिलं काम हेच होतं, आणि बाकीची कामं त्याच्या मागून येतात.

जुनी कापडं ठेवायला म्युझियम कशाला हवं, हा प्रश्न आमच्या खानदेशात हमखास येतो. कपाशी इथे घरोघरी पिकते. जळगावात, अमळनेरात, धुळ्यात, चाळीसगावात कापडगिरण्यांचे भोंगे वाजले. कापड म्हणजे अंगावर घालायचं, जुनं झालं की पांघरायचं, आणि विरलं की चुलीजवळ भांडी उतरवायला घ्यायचं. त्यात जपण्यासारखं काय, असं वाटणं स्वाभाविक आहे. म्हणून आधी हे सांगते की म्युझियम कापडातून नेमकं काय जपतं.

समजा तुम्ही तुमच्या पणजीचं लुगडं एखाद्या संग्रहाला दिलं. ते लगेच इतर कापडांशेजारी ठेवत नाहीत. नव्या पाहुण्याला थोडे दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात, कारण घडीत कसरीची अंडी असतील तर एका लुगड्यापायी कपाटभर रेशीम जाईल. मग त्याला क्रमांक मिळतो. पुष्कळ ठिकाणी तो २०२४.१२.३ असा असतो. म्हणजे २०२४ साली आलेल्या बाराव्या देणगीतली तिसरी वस्तू. हा क्रमांक कापडावर शाईने लिहीत नाहीत आणि टाचणीनेही लावत नाहीत, कारण टाचणी गंजते आणि गंजाचा डाग कापड खातो. सुती पट्टीच्या बोटभर तुकड्यावर क्रमांक लिहून तो चार सैल टाक्यांनी कोपऱ्यात शिवतात. उद्या काढला तरी कापडाला कळू नये, असा.

त्यानंतर नोंद होते. लांबी, रुंदी, धागा कशाचा, एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती, काठ कसा, पदर कसा, कुठे फाटलंय, कुठे डाग आहे, पूर्वी कुणी रफू केलंय का. हा निम्मा भाग कुठल्याही जाणकाराला कापड समोर ठेवून भरता येतो. उरलेला निम्मा भरता येत नाही. हे कोणी नेसलं? कधी? लग्नातलं, की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी मिळालेलं? कुठल्या बाजारात घेतलं? रोज नेसायचं, की पेटीत ठेवून सणाला काढायचं? ही उत्तरं देणाऱ्या माणसाकडेच असतात. त्या दिवशी ती लिहून घेतली नाहीत, तर पुढे कितीही मोठा अभ्यासक आला तरी त्याला ती कापडातून पिळून काढता येत नाहीत.

आमच्याकडे श्रावणात कानबाई ही देवी बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून तिला चौरंगावर मांडतात, सजवतात, भोवती घरातलं उत्तमातलं कापड लावतात. तेच कापड म्युझियमच्या कपाटात नुसतं 'हिरवं सुती-रेशमी पातळ, काठाला जर' एवढ्या नोंदीवर गेलं, तर ते जगातल्या हजारो हिरव्या पातळांपैकी एक होतं. 'कानबाईला लागणारं, वर्षभर पेटीत, घरातली थोरली सूनच हात लावते' एवढी ओळ सोबत गेली, तर एका घराची रीत त्याच्यासोबत जाते. त्या चिठ्ठीची किंमत कापडाइतकी आहे. माझं मत विचाराल तर जास्तच.

आता कापड वाचायचं कसं, ते बघू. हा भाग मला सगळ्यात आवडतो.

आधी धागा. सुटलेला एखादा तंतू जाळून बघितला तर सूत कागदासारखं जळतं आणि भुरी राख होते. रेशीम, लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो, कारण तेही केसासारखं प्रथिनच आहे. कापूस मात्र झाडाचा, म्हणजे सेल्युलोज. हा फरक पुढे जपणुकीत फार कामाला येतो. मग पीळ बघतात. भिंगाखाली धागा उभा धरला तर त्याचा पीळ इंग्रजी झेड अक्षराच्या मधल्या तिरप्या रेघेसारखा दिसतो, नाहीतर एस अक्षरासारखा उलट्या बाजूला झुकलेला. भारतातलं हाताने कातलेलं सूत बहुतेक झेड पिळाचं असतं. परदेशात सापडलेला तुकडा इथून गेला का, हे ओळखायला ही खूण वापरतात.

मग रुंदी. हाताने धोटा फेकून विणणाऱ्याला आपल्या दोन हातांच्या पल्ल्याइतकंच रुंद कापड विणता येतं. म्हणून जुन्या रुंद चादरीत मधोमध उभी शिवण सापडते, दोन पन्हे जोडल्याची. शिवणही बोलते. दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी, वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेली शिवण असेल, तर ती यंत्राची. म्हणजे तो कपडा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर शिवला गेला.

आणि रंग. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५६ साली प्रयोगशाळेत पहिला गाजलेला कृत्रिम रंग तयार केला, तो जांभळा होता. १८६९ पासून कृत्रिम लाल, अलिझरिन, बाजारात येऊ लागला. कृत्रिम नीळ १८९७ ला आली. एखाद्या कापडात यातला रंग सापडला, तर ते त्या सालाच्या आधीचं असूच शकत नाही. नुसत्या डोळ्यांनी हे ठरवता येत नाही, प्रयोगशाळेत धाग्याचा कणभर तुकडा तपासावा लागतो. माझ्या गोधडीतल्या जांभळ्या लुगड्याला तेवढ्या तपासणीची गरज नव्हती, फुईलाच ते आठवत होतं. लाल कापडाची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे.

लाल रंग पूर्वी मुळांतून यायचा. आपल्याकडे आल नावाचं झुडूप, त्याच्या मुळांची साल. पण मुळाचा रंग सुतावर नुसता चढत नाही, मधे धरून ठेवणारा कुणीतरी लागतो. ते काम तुरटी करते. तुरटीने छापलेल्या जागी तो रंग लाल होतो. त्याच पद्धतीत लोखंडाच्या पाण्याने छापलं की रेघ काळी येते. जुने रंगारी लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात कुजवून हे पाणी करत. त्यात दोष एकच. लोखंड कापडात कायम राहतं आणि वर्षानुवर्षं सूत आतून कुजवत नेतं. लाल टिकतं, काळं झडतं. म्हणून शे-दीडशे वर्षांच्या छापील कापडात नक्षीची काळी बाह्यरेषा आधी जाते आणि मधलं फूल तसंच राहतं. गोधडीतल्या त्या भोकांना कात्री लागलेली नव्हती. भोकं रंगाऱ्याच्या मडक्यातून आली होती. मी ते कापड धुवायला टाकलं असतं, तर काळ्या रेघांपाशी कुजलेलं सूत बादलीत सुटून लाल फुलांचा चोथा हातात आला असता.

यावल तालुक्यातलं फैजपूर आपण १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी ओळखतो, खेडेगावात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. त्याआधी इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये फैजपूरची ओळख वेगळी आहे: सुती कापडावरची छपाई आणि गडद निळा आणि लाल रंग. माझं लाल कापड तिथलंच, असं मी म्हणणार नाही. पण आजीचं माहेर त्याच पट्ट्यातलं, एवढं मी नोंदीत लिहिलंय.

खानदेशातलं कापड जगभर गेलं आणि घरात उरलं नाही, ही गोष्ट समजायला बऱ्हाणपूरला जावं लागतं. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांनी वसवलेली ती खानदेशची राजधानी. सतराव्या शतकात तिथून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निए लिहितो की या शहरात आणि साऱ्या सुभ्यात फार तलम, पारदर्शक सुती कापड प्रचंड प्रमाणात होतं आणि ते इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान, कैरोपर्यंत जातं. वेल्समधल्या पॉविस किल्ल्यात टिपू सुलतानाचा म्हणून जपलेला एक मोठा छापील सुती तंबू आहे, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. आत एकेका कमानीत फुलदाणी, तिच्यात फुलांचा डेरा. तो बऱ्हाणपूरला तयार झाला असावा असं अभ्यासक मानतात. तापीकाठी रंगवलेलं कापड श्रीरंगपट्टणला गेलं आणि तिथून लुटीत वेल्सला.

पण हा तंबू राजाचा. त्याच काळात बऱ्हाणपूरच्या विणकराची बायको काय नेसत होती? तिचं लुगडं कुठल्याच किल्ल्यात नाही. म्युझियमच्या कपाटांत शालू, पैठण्या, जामे, तंबू आणि दरबारी पडदे भरपूर, कारण श्रीमंतांची कापडं कमी वापरली जातात, जास्त जपली जातात. कष्टकऱ्याचं कापड शेवटच्या धाग्यापर्यंत वापरलं जातं. लुगडं विरलं की त्याचं दुपटं, दुपट्याचं पोतेरं, पोतेऱ्याचा काकडा. कुठल्याही वस्त्रसंग्रहात शिरताना हा कल ध्यानात ठेवावा. जे दिसतं ते त्या काळाचं सरासरी कापड नव्हे.

कधीतरी योगायोगाने हे उलटं घडतं. इजिप्तमध्ये जुन्या कैरोजवळ फुस्तात नावाची जागा आहे. तिथल्या कोरड्या मातीत भारतीय सुती कापडाच्या छापील चिंध्या सापडल्या. बहुतेक गुजरातकडच्या, त्यांतल्या काही हजारेक वर्षांपूर्वीच्या. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन म्युझियममध्ये अशा साधारण १,२०० चिंध्यांचा संग्रह आहे. ही दरबारी वस्त्रं नव्हेत. त्यांच्यावर ठिगळं आहेत, जाड दोऱ्याचे टाके आहेत, दुमडून शिवलेल्या कडा आहेत. साध्या माणसांनी वापरलेलं, फाटलेलं, पुन्हा शिवलेलं कापड. आपल्या दमट पावसाळ्यात ते कधीच टिकलं नसतं. आणि जिथे कापड अजिबात टिकत नाही तिथे चित्रं मदतीला येतात. जळगावपासून जवळ, अजिंठ्याच्या भिंतींवर पाचव्या शतकातली माणसं पट्ट्यापट्ट्यांची, नक्षीची वस्त्रं नेसून बसली आहेत. धागा सुतभरही उरला नाही, पण पट्टे मोजता येतात.

गोधडीकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते ते यामुळे. गोधडीत वरचा थर झिजतो आणि आतले थर अंधारात, हवेपासून लांब, दाबून राहतात. एकेका घरातल्या साध्या कापडाचा चाळीस-पन्नास वर्षांचा साठा तिच्यात शिवलेला असतो.

आता नमुना-वह्यांकडे वळते, कारण फॅशनचे आणि डिझाइनचे दफ्तरखाने (आर्काइव्ह) म्हणतात त्यांची कल्पना त्यावरून लवकर येते. १८६६ साली फोर्ब्स वॉटसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतातल्या कापडांच्या १८ खंडांच्या वह्या तयार केल्या. त्यांत चित्रं नव्हती, खरे कापडाचे तुकडे चिकटवलेले होते, एकूण ७००. प्रत्येकाखाली लांबी, रुंदी, वजन, कुठलं, कशासाठी वापरतात. असे २० संच झाले. म्हणजे एकेक आख्खं कापड वीस जागी कापलं गेलं. त्यातले १३ संच ब्रिटनमध्ये राहिले, ७ भारतात आले. हेतू उघड होता. मँचेस्टरच्या गिरण्यांनी ते बघून भारतात खपेल असं कापड काढावं. वॉटसनला एक गोष्ट पक्की कळली होती. आपलं पागोटं, धोतर, साडी मागावरच पूर्ण होते, शिवावी लागत नाही. त्यामुळे काठ किती रुंद, पदर कुठून सुरू, हे नेसण्याच्या पद्धतीवर ठरतं. नेसणं कळलं नाही तर नक्कल फसते.

ज्या वह्या आपल्या विणकरांचं काम हिरावण्यासाठी झाल्या, त्याच आज त्या काळातल्या भारतीय कापडाचा एक मोठा पुरावा आहेत. मला हे वाचताना राग येतो, आणि प्रत्येक तुकड्याखाली माप आणि गाव लिहिण्याची शिस्त मनापासून पटते. दोन्ही खरं आहे.

हाच दफ्तरखाना विणकराच्या बाजूनेही वापरता येतो. अहमदाबादचं कॅलिको म्युझियम १९४९ साली गौतम साराभाई आणि त्यांच्या भगिनी गिरा साराभाई यांनी सुरू केलं, कॅलिको मिलच्याच आवारात. मूळ कल्पना कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामींनी सुचवलेली. गिरणीवाल्या घराण्याने हातमागाची, हाताने छापलेली, भरतकामाची कापडं जमवली. पुढे १९८० च्या दशकात वस्त्रांचे जाणकार मार्तंड सिंग यांनी 'विश्वकर्मा' नावाच्या प्रदर्शनमालेसाठी जुने नमुने काढून आजच्या कारागिरांकडून त्या तोडीचं नवं काम करून घेतलं. एखादी वीण तीन पिढ्यांत कुणी विणली नसली, तरी जुन्या तुकड्यातले धागे मोजून ती पुन्हा मागावर चढवता येते. नमुना नसेल तर नुसतं ऐकून नाही चढवता येत.

डिझाइनच्या दफ्तरात कपड्यांसोबत बरंच काही येतं. कच्ची रेखाटनं, कागदी पॅटर्न, कापडाच्या नमुन्यांची वही, बटणं, लेबलं, बिलं, गिऱ्हाइकांच्या मापांच्या वह्या, फोटो. तयार कपडा शेवटी कसा दिसला ते सांगतो. कागद सांगतात की तो तसा का झाला, काय बदललं, काय जमलं नाही. हे वाचून पॅरिस डोळ्यांसमोर आणू नका. गावातल्या जुन्या लेडीज टेलरकडे जाऊन बघा. खिळ्याला अडकवलेली वर्तमानपत्राची ब्लाउजची कटिंग असतात. त्या वर्तमानपत्रावर तारीख असते! बाहीची लांबी कुठल्या वर्षी किती होती, गळा कधी खोल गेला, पफ कधी आला आणि कधी गेला, हे त्या खिळ्यावर लटकलेलं आहे. मापांच्या वहीत गावातल्या पंचवीस वर्षांच्या लग्नसराया आहेत. तांड्यावरच्या बंजारा बायकांच्या आरसेवाल्या कांचळीचं (चोळीचं), फेटियाचं (घागऱ्याचं) कटिंग तर कागदावर कधी आलंच नाही. ते हातात आणि डोळ्यांत आहे. तिथे दफ्तर करायचं म्हणजे शिवणाऱ्या बाईशेजारी बसून तिचे हात चित्रित करणं.

त्या वर्तमानपत्री कटिंगबद्दल एक सावधगिरी. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो, म्हणून तो पिवळा पडून तुटतो. त्याच्या घडीत कापड ठेवलं तर आम्ल कापडात उतरतं. कटिंग वेगळी ठेवा, कापड वेगळं.

आणि इथून जपणुकीचा विषय सुरू होतो. कापडाचा सगळ्यात मोठा शत्रू उजेड. म्युझियममध्ये वस्त्रांच्या दालनात इतका अंधार का, असं पुष्कळ जण कुरकुरतात. हिशेब करून बघू. उजेड लक्समध्ये मोजतात, आणि वस्त्रांसाठी साधारण ५० लक्सची मर्यादा पाळतात. रोज ८ तास म्हणजे दिवसाला ४०० लक्स-तास. आपल्याकडच्या मे महिन्यातलं दुपारचं ऊन जवळजवळ १,००,००० लक्सचं. म्हणजे पणजीचा शालू 'जरा ऊन दाखवायला' गच्चीवर तासभर टाकला, तर म्युझियममधल्या २५० दिवसांचा उजेड त्याने एका तासात पिऊन घेतला. आणि प्यायलेला उजेड परत निघत नाही. उडालेला रंग सावलीत विश्रांती देऊन परत येत नाही. म्हणून चांगलं म्युझियम एखादं वस्त्र थोडे महिने मांडतं आणि मग वर्षानुवर्षं अंधारात ठेवतं. तुम्ही पुन्हा गेलात आणि ती साडी दिसली नाही, तर ती कुणी विकली नसते. ती झोपलेली असते.

दुसरा शत्रू हवेतला ओलावा, त्यातही त्याची चढउतार. धागा ओलाव्याने फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात हवा तापून कडक कोरडी होते, आणि दीड महिन्यात मृगाचा पाऊस. मोठी म्युझियमं आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत धरून ठेवायला बघतात. ती ६५-७० च्या वर राहिली की बुरशी धरते. घरात आपल्याला यंत्रं नकोत. घराच्या मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं, जमिनीपासून वर असलेलं कपाट पुष्कळ काम करतं. पत्र्याखालचा माळा मात्र सर्वांत वाईट जागा, आणि जुन्या पेट्या नेमक्या तिथेच असतात.

किडींबद्दल थोडं स्पष्ट सांगते, कारण यात गैरसमज फार. कापड खाणाऱ्या अळ्या रेशीम आणि लोकर खातात, कारण ते प्रथिन आहे. सुती कापड त्यांना सहसा नको असतं. सुताला कसर लागते ती बऱ्याचदा खळीमुळे. म्हणून ठेवणीतलं सुती कापड खळ काढूनच ठेवावं. डांबराच्या गोळ्या बंद करा. त्यांची वाफ माणसाला चांगली नाही, आणि प्लॅस्टिकची बटणं-टिकल्या त्याने चिकट होतात. कडुलिंबाचा पाला, वेखंड या आपल्या आजीबाईंच्या रीती वाईट नाहीत, पण पाला थेट घडीत घालू नका. त्याचा डाग पडतो आणि जुना पालाच किडींचं घर होतो. पुरचुंडी करून कोपऱ्यात ठेवा, दर थोड्या महिन्यांनी बदला. म्युझियमचा उपाय आणखी सोपा आहे: थंडी. कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये निदान आठवडाभर. काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर थंड कापडावर दंव धरतं. आरसे, मणी, कवड्या असलेली वस्तू मात्र असं करण्याआधी जाणकाराला विचारावं.

घडीचं तर सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. वर्षानुवर्षं एकाच घडीवर रेशीम ठेवलं की तिथेच चिरतं. जर असेल तर आणखी लवकर. दर काही महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घालावी. आणखी चांगलं म्हणजे जाड नळीवर मांजरपाट गुंडाळून त्यावर साडी सैल गुंडाळावी. न रंगवलेला, धुऊन खळ काढलेला मांजरपाट हे म्युझियमवाल्यांचंही आवडतं वेष्टन आहे. आपलं बोचकं नेमकं तेच होतं. दुकानातलं प्लॅस्टिकचं साडी-कव्हर त्यापुढे काहीच नाही. ते ओलावा आत कोंडतं.

आणि फाटलेलं असेल तर? म्युझियममध्ये कापड नवं दिसावं म्हणून काही करत नाहीत. फाटलेल्या भागाखाली त्याच जातीच्या पातळ कापडाचा आधार घालून केसासारख्या दोऱ्याने टाके घालतात. डिंक, फेव्हिकॉल, चिकटपट्टी यांना बंदी, कारण केलेलं काम पुढच्या पिढीला उसवता आलं पाहिजे. पूर्वीची ठिगळंही काढत नाहीत. ठिगळ लावणाराही त्या कापडाच्या गोष्टीतला माणूस आहे.

बघायला कुठे जायचं, तर पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयापासून सुरुवात करा. तिथे घरगुती वापरातल्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्या एका माणसाचा संग्रह आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या नोंदी घरबसल्या फुकट बघता येतात. शोधात बऱ्हाणपूर टाका आणि काय काय निघतं ते पाहा.

गोधडी आम्ही शेवटी उसवली नाही. सुटलेल्या कडेतून एकेक थराचा फोटो काढला, शेजारी पट्टी ठेवून, सावलीतल्या उजेडात. वहीत पाच ओळी आखल्या. निळसर लुगडं: आजी, रोजचं. धोतर: आजोबा. मांजरपाट: गिरणीचा शिक्का, अक्षरं वाचता येत नाहीत. जांभळ्यापाशी फुई थांबली. तिने कड बोटांनी चाचपली. "मन्हं," ती म्हणाली. म्हणजे माझं. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला तिला माहेरून मिळालेलं. ते विरल्यावर तिनेच आजीला दिलं होतं. मी साल विचारलं. तिला साल आठवेना, पण त्या वर्षी तापीला मोठा पूर आला होता, असं तिने लिहायला सांगितलं. तेवढं लिहिलं.

लाल छापील कापडासमोरची ओळ अजून अर्धी आहे. फुईच्या मते ते आजीच्या आईचं असावं. आजीच्या माहेरी तिची एक चुलतबहीण आहे, वय नव्वदीच्या पुढे. पुढच्या आठवड्यात फोटो घेऊन तिच्याकडे जाणार आहोत.